टीबीचे जंतू आणि मामांची बाटली

पत्र : माझ्या बाबांना (वय 66) मूत्राशयाचा कॅन्सर झालाय. लघवीतून रक्त गेलं म्हणून तपासण्या झाल्या आणि दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. त्याच दिवशी मूत्राशयात मायटोमायसिन नावाचं जांभळट औषध सोडलं होतं. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड, टी-वन, स्नायूत शिरकाव नाही’ असं आलं. महिन्याभराने पुन्हा दुर्बिणीतून बघितलं, तेव्हा काही सापडलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, दर आठवड्याला एकदा असं सहा आठवडे मूत्राशयात बीसीजी, म्हणजे टीबीची लस, सोडायची. हे ऐकून बाबा बिथरलेत. त्यांच्या लहानपणी त्यांचे काका टीबीने गेले. ‘कॅन्सर काढला आणि आता टीबी घालणार का?’ असं विचारतात. घरात माझा चार वर्षांचा मुलगा आहे, त्याला लागण होईल ही आणखी एक भीती. त्यातच मामांनी कॅप्सूलची बाटली पाठवली. वर लिहिलंय, ‘सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले नैसर्गिक कॅन्सररोधी घटक’. मामा म्हणतात, डॉक्टरही जंतूच देणार, हेही जंतूंचंच, मग नळी घालून हाल कशाला? मला त्यांना उत्तर देता आलं नाही. काय करू?
— एक मुलगी

उत्तर :

पहिल्या डोसची तारीख जवळ आली असेल म्हणून आधी थेट सांगते. बीसीजी टाळू नका. बाटली उघडू नका, पण फेकूही नका. तिचं काय करायचं ते पुढे येईल.

मामांना उत्तर देता आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. त्यांचा मुद्दा वेडगळ नाही, त्यातला पहिला अर्धा भाग तर चक्क खरा आहे. कॅन्सरच्या औषधांत जंतूंकडून आलेला माल भरपूर आहे, आणि बाबांच्या पोटात तो एकदा जाऊनही आलाय. ऑपरेशननंतर सोडलेलं ते जांभळट मायटोमायसिन म्हणजे मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूने तयार केलेलं रसायन. 1950 च्या दशकात जपानी संशोधकांना ते सापडलं. डीएनएचे दोन धागे ते एकमेकांना असे जखडून टाकतं की पेशीला दुभंगता येत नाही. कॅन्सरची पेशी सतत दुभंगत असते, म्हणून मार तिला जास्त बसतो. पण चांगल्या पेशींनाही बसतोच. म्हणून ते थेट मूत्राशयात सोडतात, ठरावीक वेळ ठेवतात आणि काढून टाकतात. रक्तात फारसं उतरू देत नाहीत.

हे स्ट्रेप्टोमायसिस कुटुंब मोठं गमतीचं आहे. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो बराचसा यांच्याच एका रसायनाचा. मातीच्या कणाकणासाठी हे जिवाणू शेजाऱ्यांशी भांडत असतात आणि भांडणात वापरायला विषं बनवतात. त्यातली काही विषं माणसाने उचलली. 1940 मध्ये सेल्मन वॅक्समन आणि बॉइड वुडरफ यांनी या कुळातून ॲक्टिनोमायसिन वेगळं केलं. शोधत होते अँटिबायोटिक, पण निघालं ते इतकं जहाल की जंतुसंसर्गावर वापरायची सोय नव्हती. पुढे 1950 च्या दशकात त्याच्याच एका प्रकाराचा उपयोग लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर होऊ लागला. तो आजही होतो. याच वॅक्समनना 1952 मध्ये नोबेल मिळालं ते स्ट्रेप्टोमायसिनसाठी, म्हणजे टीबीवरच्या पहिल्या परिणामकारक अँटिबायोटिकसाठी. तेही याच कुळातलं. बाबांना हे जरूर सांगा. त्यांच्या काकांच्या नशिबी कदाचित ते आलं नसेल, पण टीबीचा धाक ज्याने मोडायला सुरुवात केली तोसुद्धा मातीतला एक जंतूच होता.

डॉक्सोरुबिसिनचं उदाहरण आणखी ठसठशीत आहे. इटलीत एड्रियाटिक समुद्राजवळ कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या परिसरातल्या मातीतून 1950 च्या दशकात एक जिवाणू मिळाला, त्याने लाल रंगाचं एक औषध दिलं. नंतर त्या जिवाणूच्या बदललेल्या वाणातून डॉक्सोरुबिसिन आलं. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, हाडांचा कॅन्सर अशा कितीतरी ठिकाणी ते वापरतात. सलाईनमधून जाताना लालभडक दिसतं आणि नंतर दिवसभर लघवीही लालसर होते. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं. त्यामुळे एका माणसाला आयुष्यभरात एकूण किती द्यायचं याला मर्यादा असते, साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम, तेही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मोजून. त्याच्या पुढे जायची वेळ आली तर डॉक्टर शंभरदा विचार करतात. ब्लिओमायसिनची गोष्ट तशीच. जपानच्या हमाओ उमेझावांनी ते शोधलं, वृषणाच्या कॅन्सरमध्ये त्याने तरुण मुलं वाचवली, आणि तेच फुप्फुसांवर व्रण आणू शकतं म्हणून त्याचाही एकूण हिशेब ठेवावा लागतो.

आणि सगळीच विषं नसतात. काही ठिकाणी जंतू फक्त कात्री पुरवतो. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, ॲस्पॅराजिनेज नावाचं एन्झाइम देतात. ते ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतात. त्या कॅन्सरच्या पेशींना ॲस्पॅराजिन हा प्रथिनांचा घटक पुरेसा बनवता येत नाही, त्या तो रक्तातून उचलतात. एन्झाइमने रक्तातलं ॲस्पॅराजिन कापून टाकलं की त्यांची उपासमार होते. चांगल्या पेशी स्वतःपुरतं बनवून घेतात. किती नेमकं! मला या औषधाचं फार कौतुक आहे. तरीही काही मुलांना त्याची जोरदार ॲलर्जी येते, आणि मग अर्विनिया नावाच्या, वनस्पतींना सडवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूपासूनचं एन्झाइम द्यावं लागतं.

एवढं सगळं सांगितलं ते मामांसाठी. ‘जंतूंपासून आलंय’ हे बाटलीवर लिहिल्याने औषध सौम्य आहे की जहाल, उपयोगी आहे की बिनकामाचं, यातलं काहीच कळत नाही. वर सांगितलेलं प्रत्येक औषध जंतूंचंच आहे. त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो तो त्यांच्या जन्मस्थानामुळे नव्हे. कोणत्या कॅन्सरमध्ये, किती प्रमाणात, कोणत्या मार्गाने, किती दिवस, आणि काय बिघडू शकतं, हे माणसांवर तपासून लिहून ठेवलंय म्हणून. मामांच्या बाटलीवर यातलं काय आहे ते बघा. माझा अंदाज आहे, ‘दिवसातून दोन वेळा’ यापलीकडे काही नसेल.

आता बीसीजी, आणि बाबांची भीती.

बाबांना थेट उत्तर द्या : नाही, बाबा, टीबी घालणार नाहीत. बीसीजीतला जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंद आहे, माणसाचा टीबी आणणारा नेमका तो जंतू नव्हे. तो मुळात गायीगुरांच्या टीबीचा. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ या दोघांनी तो 1908 पासून 1921 पर्यंत प्रयोगशाळेत वाढवला. पित्त आणि ग्लिसरिन घातलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवायचा, दर काही आठवड्यांनी नव्या फोडीवर न्यायचा. असं 230 वेळा केलं. मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं, यांचं काम चालूच. इतक्या पिढ्या आयतं खाऊन त्या जंतूची रोग घडवायची ताकद ओसरली, पण रूप तेच राहिलं. शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला बघून अजूनही खवळून उठते. लस म्हणून तो कोट्यवधी बाळांना जन्मानंतर टोचला गेलाय. बहुधा बाबांच्या नातवालाही.

मूत्राशयात आपल्याला हवं असतं ते हे खवळणंच. खरवडल्यानंतर अस्तरात डोळ्यांना न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. हाय ग्रेड (म्हणजे आक्रमक पेशी) आणि टी-वन (म्हणजे अस्तराखालच्या थरात शिरलेला, पण स्नायूपर्यंत न पोहोचलेला) असेल तर गाठ परत येण्याचा आणि पुढच्या वेळी स्नायूत घुसण्याचा धोका चांगलाच असतो. बीसीजीचे जंतू अस्तराला चिकटतात, काही पेशींच्या आत शिरतात. त्यांच्यामागे पांढऱ्या पेशींची फौज येते, सूज येते, आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या पेशींचीही ओळख पटून त्या मारल्या जातात. म्हणजे कॅन्सर मारतं ते बाबांचं स्वतःचं शरीर. जंतू फक्त आरडाओरडा करून त्याला जागं करतो. म्हणूनच जंतू जिवंत असावा लागतो, आणि म्हणूनच उपचारानंतर जळजळ, वारंवार लघवी, थोडी कणकण हे जवळजवळ ठरलेलंच असतं. दिवस-दोन दिवसांत ते ओसरतं.

हा प्रयोग पहिल्यांदा नीट मांडला कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी, 1976 मध्ये, अवघ्या नऊ रुग्णांवर. सहा आठवड्यांचा हिशेब कुठून आला, तर त्यांना बीसीजी ज्या पॅकमध्ये मिळायची त्यात सहा कुप्या असायच्या! एका डोसचा त्रास आठवड्यात ओसरायचा म्हणून दर आठवड्याला एक. इतक्या साध्या कारणाने सुरू झालेला क्रम पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये टिकला आणि 1990 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली. मूत्राशयाच्या अस्तरात पसरलेल्या, गाठ न करणाऱ्या कॅन्सरमध्ये बीसीजीनंतर दहातल्या सुमारे सात जणांत तो दिसेनासा होतो. बाबांच्या प्रकारात, म्हणजे गाठ काढल्यावर ती परत येऊ नये यासाठी, स्नायूत न शिरलेल्या पण धोक्याच्या कॅन्सरवर आज इतक्या वर्षांनंतरही पहिली पसंती हीच आहे. कॅन्सरवर जिवंत जिवाणू औषध म्हणून नित्यनेमाने दिला जातो, असं हे जगातलं ठळक उदाहरण. मामांना जंतूंच्या उपचाराचं एवढं आकर्षण असेल तर त्यांना सांगा, त्यातला सर्वांत खणखणीत उपचार तुमच्या मेहुण्यांना मिळतोय.

नातवाचं काय? बीसीजी श्वासातून, खोकल्यातून पसरत नाही. बाबा नातवाला मांडीवर घेऊ शकतात, शेजारी झोपू शकतात, एका ताटात जेवू शकतात. काळजी फक्त लघवीची. औषध साधारण दोन तास आत धरून ठेवायचं असतं. त्यानंतरच्या पहिल्या लघवीपासून सहा तास बाबांनी बसून लघवी करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. फ्लश करण्याआधी भांड्यात साधारण लघवीइतकंच घरगुती ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. हात साबणाने धुवायचे. तेवढा वेळ नातवाला त्या संडासात जाऊ देऊ नका, बस. घरात कुणाची प्रतिकारशक्ती अगदी खालावलेली असेल, कुणाचं अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा कुणाची केमो चालू असेल, तर ते मात्र डॉक्टरांना आधी सांगा. पती-पत्नींच्या शारीरिक संबंधांबद्दलही काही दिवसांचं पथ्य असतं. हे बाबा तुमच्याशी बोलणार नाहीत, म्हणून डॉक्टरांनी ते आईबाबा दोघांना एकत्र बसवून सांगावं, एवढं तुम्ही सुचवा.

धोके लपवून बाबांना तयार करू नका. क्वचित बीसीजीचे जंतू रक्तात शिरतात आणि तेव्हा प्रकरण गंभीर होतं. बहुतेकदा असं घडतं ते नळी घालताना जखम झालेली असली, लघवीत उघड रक्त असलं किंवा जंतुसंसर्ग असताना डोस दिला तर. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी लघवी तपासतात. ताप 38.5 अंश सेल्सियसच्या, म्हणजे सुमारे 101 फॅरनहाइटच्या वर जाऊन टिकला, हुडहुडी भरली, सांधे सुजले किंवा खोकला लागून राहिला, तर ‘डॉक्टर म्हणालेच होते ताप येईल’ असं म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. असा संसर्ग झाला तर टीबीचीच औषधं देतात. मात्र त्यातलं पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, गुरांच्या टीबीच्या या बोव्हिस जातीला त्याचं काही वाटत नाही. कधी दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच डॉक्टरकडे जायची वेळ आली तर त्यांना हे ठाऊक असावं म्हणून बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘मूत्राशयात बीसीजी दिली आहे’ आणि तारखा लिहून ठेवा. कारण हा त्रास कधी कधी महिन्यांनी, अगदी वर्षांनीही डोकं वर काढतो. शिवाय टीबीची त्वचेवरची चाचणी पुढे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि बाबा पुन्हा घाबरतील. ते बीसीजीमुळे असू शकतं, हे आताच त्यांना सांगून ठेवा.

आणि चालढकल करू नका. बीसीजीचा जंतू फार संथ आहे, एकाचे दोन व्हायला जवळपास दिवस घेतो, त्यामुळे औषध बनायलाच महिने लागतात आणि गेल्या काही वर्षांत जगभर वेळोवेळी तिचा तुटवडा पडलाय. मिळालेली तारीख हातची घालवू नका.

आता बाटलीकडे येते.

जंतूंनी कॅन्सर बरा करायची स्वप्नं जुनी आहेत आणि ती पाहणारे लोक काही भोंदू नव्हते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे सर्जन होते. एका रुग्णाची मानेवरची गाठ त्वचेचा जोरदार जंतुसंसर्ग झाल्यावर विरघळून गेल्याची नोंद त्यांच्या वाचनात आली. 1891 मध्ये त्यांनी हाच संसर्ग मुद्दाम घडवायला सुरुवात केली. काहींच्या गाठी खरंच ओसरल्या, काही जण त्या संसर्गानेच दगावले. मग त्यांनी उष्णतेने मारलेल्या दोन जिवाणूंचं मिश्रण केलं आणि आयुष्यभर तेच वापरलं. पण मिश्रण वेळोवेळी बदलायचं, डोस बदलायचा, नोंदी एकसारख्या नव्हत्या. कुणाला नक्की कशाने बरं वाटलं हे कुणालाच सिद्ध करता आलं नाही, आणि रेडिएशन आल्यावर ते सगळं मागे पडलं. शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडता येते हा त्यांचा मूळ अंदाज बरोबर होता. आजची इम्युनोथेरपी त्याच वाटेवरची आहे. पण अंदाज बरोबर असणं आणि औषध तयार असणं यांत दशकं गेली.

दुसरं उदाहरण अलीकडचं. साल्मोनेलाचा एक जिवाणू जनुकं बदलून दुबळा केला होता. उंदरांत तो गाठींमध्ये घुसून असा काही वाढायचा की सगळे हरखून गेले. 2002 मध्ये माणसांवरचा निकाल आला : 25 रुग्ण, जवळपास सगळे पसरलेल्या मेलेनोमाचे (हा त्वचेचा एक कॅन्सर), आणि एकाचीही गाठ आकसली नाही. काहींच्या गाठीत जंतू पोहोचला खरा, पण उंदरातली जादू माणसात झाली नाही. मामांच्या फोनवर ‘जिवाणू कॅन्सर खाऊन टाकतात’ असे जे व्हिडिओ येतात, त्यातले बहुतेक या उंदरापर्यंतच्या टप्प्यावर थांबतात. उंदराच्या पुढचा भाग कुणी पाठवत नाही. आणि ‘प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारतं’ हे वाक्य तर मला दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतं. काचेच्या बशीतल्या पेशी मारायला मूठभर मीठही पुरतं हो. कठीण काम आहे ते माणूस जिवंत ठेवून त्यातला फक्त कॅन्सर मारायचं.

बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. आत जिवंत जंतू आहेत, की जंतूंचा अर्क, की बुरशीची भुकटी? जिवंत असतील तर प्रजातीच्या नावापुढे वाणाचा क्रमांक आहे का? एकाच प्रजातीचे दोन वाण अगदी वेगळे वागतात. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा ई. कोलाय आणि माणसाला दवाखान्यात पोहोचवणारा ई. कोलाय हे नावाने एकच. क्रमांक नसेल तर ते कशावर तपासलं हा प्रश्नच उद्भवत नाही.

तुम्ही म्हणाल, आतड्यातले जंतू आणि कॅन्सर यांवर तर मोठमोठ्या ठिकाणी संशोधन चाललंय. चाललंय, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. 2021 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की इम्युनोथेरपी लागू न पडलेल्या मेलेनोमाच्या काही रुग्णांना, ज्यांना ती लागू पडली होती अशांच्या विष्ठेतले जंतू दिल्यावर, तीच थेरपी लागू पडली. पण त्याच वर्षी मेलेनोमाच्याच रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. इम्युनोथेरपी घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ जास्त होते त्यांचं बरं चाललं. दुकानातून आणलेली प्रोबायोटिक्स, म्हणजे ‘चांगल्या’ जिवंत जंतूंची औषधं, घेणाऱ्यांना त्यांचा फायदा दिसला नाही, आणि उंदरांत तर प्रोबायोटिक्सनी उपचाराचा परिणाम उलट कमी केला. म्हणजे आतड्यातले जंतू महत्त्वाचे आहेत म्हणून कुठलेही जंतू गिळले की चांगलंच होतं, असं नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णांत तर प्रोबायोटिकमधलेच जंतू रक्तात उतरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट जुलाबांसाठी सर्रास देतात, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना आणि मोठ्या रक्तवाहिनीत नळी असलेल्यांना ते देऊ नये अशी सूचना युरोपच्या औषध संस्थेने दिलेली आहे.

बाबांच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. अशा बाटल्यांत कधी कधी लेबलवर नसलेलंही काही घातलेलं सापडतं. त्यात स्टेरॉइड असेल तर बीसीजीने जी धुमश्चक्री व्हायला हवी तीच मंदावते आणि जंतू पसरायचा धोका वाढतो. अँटिबायोटिक असेल तर बीसीजीचे जंतूच मरू शकतात. म्हणून साध्या सर्दी-तापाला दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीसुद्धा या सहा आठवड्यांत युरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. फ्लोरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स लघवीच्या जळजळीवर हमखास लिहिली जातात, त्यांच्याबाबत विशेष सावध राहा.

मामांशी भांडू नका. त्यांना काहीतरी करायचंय आणि हाताशी बाटली आली, एवढंच झालंय. त्यांना म्हणा, ‘मामा, बाटली डॉक्टरांना दाखवते, ते हो म्हणाले तर सुरू करू.’ आणि खरंच दाखवा, नुसता फोटो नको. सोबत त्यांना काम द्या. डोसच्या दिवशी बाबांना न्यायला-आणायला कुणीतरी लागतंच. ते दोन तास मूत्राशय भरलेलं ठेवून बसायचं म्हणजे वेळ जाता जात नाही, गप्पा मारायला माणूस हवा. सख्ख्या मेहुण्याइतकं चांगलं माणूस कुठे मिळणार?

बाबांशी बोलताना आकडे आणि संशोधन मागे ठेवा. त्यांना कॅन्सरपेक्षा काका जास्त आठवतायत. आधी काकांबद्दल विचारा. काय झालं होतं, औषध मिळालं होतं का, घरात मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवायचे का. तेवढं बोलून झालं की बटाट्याच्या फोडीवर 230 वेळा वाढवलेल्या जंतूची गोष्ट सांगा. तरीही ते नाही म्हणाले तर जबरदस्ती करू नका. डॉक्टरांना विचारा, बीसीजीऐवजी काय? ते बहुधा मूत्राशयात सोडायच्या दुसऱ्या औषधांबद्दल किंवा मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतील. त्या पर्यायांचे फायदे-तोटे बाबांनी स्वतःच्या कानांनी ऐकावेत. तुम्ही मध्ये भाषांतर करत बसू नका.

पुढच्या भेटीत हे विचारून घ्या. सहा डोसनंतर दुर्बिणीची तपासणी कधी, साधारण तीन महिन्यांनी असते. सगळं नीट असेल तर त्यानंतर मध्ये मध्ये तीन-तीन डोस द्यायचे का आणि किती काळ? धोका जास्त असेल तेव्हा हे एक ते तीन वर्षं चालतं. बाबांना वाटत असेल की सहा झाले म्हणजे सुटलो, तर ते आताच स्पष्ट झालेलं बरं. खरवडून काढलेल्या तुकड्यात स्नायूचा भाग आला होता का, हेही विचारा. स्नायूत शिरकाव नाही असं ठामपणे म्हणायला तो तुकड्यात असावा लागतो.

डोसच्या दिवशी सकाळपासून पाणी-चहा कमी ठेवायला सांगतात, साधारण चार तास आधीपासून, म्हणजे औषध पातळ होत नाही आणि दोन तास धरवतंही. लघवीत रक्त दिसलं किंवा नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी डोस देत नाहीत, पुढे ढकलतात. तसं झालं तर बाबा म्हणतील, बघ, मी म्हणत होतो ना. त्यांना सांगा, ढकलला म्हणजे डॉक्टर नीट बघतायत.